इलियासभाईच्या बोर्डावरचा मामा

कंपनीला फोन लावला की आधी जी बाई बोलते ना, तिचा मला वीट आलाय. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” अगं बाई, महत्त्वाचा आहे तर उचल की! मग ते संगीत सुरू होतं. टुणुक टुणुक, तेच तेच, पाऊण तास. मधेच इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. मराठीला आकडाच नाही. मी सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवला, लडाखात बर्फात अडकून दोन-दोन दिवस कच्चे बटाटे खाल्ले, पण इतकी शिसारी मला कधी कशाची आली नव्हती.

तरी हे लिहायला बसलोय ते त्या बाईवर नाही, इलियास शिकलगारवर. आष्ट्यात एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि मधली प्लायवूडची भिंत सोडली की पलीकडं इलियासभाईचं लॅपटॉप दुरुस्तीचं. सोळा वर्षं झाली, आम्ही एकमेकांचा खोकला ऐकतोय. तो मला अण्णा म्हणतो. मी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे, आणि या गोष्टीत ते मोठेपण कुठं गेलं ते पुढं कळेलच.

त्याचा बाप ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायचा. चाकाला हात लावायच्या आधी म्हातारा एकच विचारायचा, “ऊस सोडून काय तोडलंस?” कुणी बाभळीवर कोयता चालवलेला असायचा, कुणी तारेवर. खरं सांगितलं तर तशी धार लावून द्यायचा. खोटं सांगितलं तर कोयता परत. पातं बघून त्याला कळायचंच, तरी विचारायचा. इलियासभाईनं बापाचं चाक मोडीत घातलं, पण ती सवय काही घातली नाही. लॅपटॉप टेबलावर आला की तो झाकण उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. पडला का? पाणी सांडलं का? दुसऱ्या कुणी उघडला का? आणि उत्तर देताना माणसाच्या तोंडाकडं बघत राहतो.

पण आष्ट्यात त्याचं नाव झालं ते दुरुस्तीमुळं नाही, बोर्डामुळं. दुकानात मागच्या भिंतीला एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर कंपन्यांची नावं, पण खरी नाहीत. खरी लिहिली तर एखादी नोटीस यायची, म्हणून त्यानं आपली नावं पाडलीत. ‘पैलवान’ म्हणजे जड आणि दणकट, पडला तरी उठतो, पण एकदा आजारी पडला की पार्ट यायला महिना. ‘नवरीबाई’ दिसायला देखणी, दुसऱ्या वर्षी बिजागरी निखळलीच म्हणून समजा. ‘उमेदवार’ फोनवर लय गोड बोलतो, येतो येतो म्हणतो, आणि परत तोंड दाखवत नाही. सगळ्यात वर ‘मामा’. हाक मारली की येतो. नावापुढं दोन आकडे असतात: या वर्षात त्या कंपनीचे किती लॅपटॉप त्याच्या टेबलावर आले, आणि फोनवर जिवंत माणूस बोलायला किती मिनिटं लागली.

ही मिनिटं तो खरोखर मोजतो. तुम्ही विचारायला गेलात की “कुठला घेऊ?” तर तो तुम्हाला रॅम आणि प्रोसेसर सांगत बसत नाही. समोरच्या ज्योतिबाच्या गाड्यावरनं चहा मागवतो, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो आणि कंपनीचा मदतीचा नंबर लावतो. चहा संपायच्या आत माणूस बोलला पाहिजे. बोलला की इलियासभाई मराठीत विचारतो, “सांगलीत तुमचा माणूस हाय का मशीन पुण्याला धाडायचं?” समोरचा गोंधळला, नाहीतर “सर, कृपया वेबसाइट पाहा” म्हणाला, की आकडा बदलतो. घ्यायच्या आधीच हे असं वागतात तर घेतल्यावर काय पूजणार आहेत, असं त्याचं म्हणणं.

साताऱ्याचा माझा फौजेतला दोस्त नाथाजी एकदा खास एवढ्यासाठी दोन बस बदलून आला होता. सांगलीचा एक दुकानदार बासुंदीचा डबा घेऊन आला होता, गिऱ्हाईक आमच्याकडं वळवा म्हणून. इलियासभाईनं बासुंदी स्टँडवरच्या कंडक्टरांना वाटली आणि रिकामा डबा धुऊन त्याच्या हातात दिला. मी म्हणालो, “गड्या, एवढं ताठ कशाला?”

तो म्हणाला, “अण्णा, माझ्याकडं दुसरं काय हाय? शहरातली माणसं इंटरनेटवर वाचून घेत्यात. हितली मला इचारून घेत्यात. एकदा माझा शब्द खोटा निघाला की संपलं.”

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या प्रांजलला पुण्याच्या एका फर्मचं घरून करायचं काम लागलं. लॅपटॉप आपला पाहिजे. मी डोळे झाकून मामा घेतला. प्रांजल ट्रेनिंगला पुण्याला गेली होती, ती यायच्या आत सगळं नीट असावं म्हणून मी घरी पूजा मांडली. ट्रॅक्टर आला तेव्हा केली होती तशीच. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला, पेढा ठेवला. फौजेत असताना युनिटला नवी गाडी आली तरी असंच करायचो. पोरगी खूश, मी खूश.

मार्चमध्ये लॅपटॉप बंद पडला. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि विझायचा. इलियासभाईनं हात लावला नाही. “वॉरंटीत हाय, आपुन उघडला तर त्यांना कारण मिळंल,” म्हणाला. मामाला फोन लावला. चहा अर्धा असताना माणूस बोलला, तिसऱ्या दिवशी सांगलीहून शिवतेज नावाचा इंजिनिअर आला आणि पावती देऊन लॅपटॉप घेऊन गेला. इलियासभाई माझ्याकडं बघून हसला. बघितलं का मामा, असं.

आणखी दोन दिवसांनी शिवतेजचा फोन. “काका, आत लिक्विड गेलंय. ओल दाखवणारी पट्टी असते आत, ती लाल झालीय. वॉरंटीत बसत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिक्विड! मी त्याला फोनवर काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या घरात लॅपटॉपच्या टेबलावर पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवायला बंदी आहे. प्रांजल चहा प्यायला उठून ओट्याजवळ जाते. आणि हे नालायक म्हणतात लिक्विड! विकताना हात जोडायचे आणि द्यायची वेळ आली की हात वर करायचे. सगळे एका माळेचे मणी, नुसतं थुंकावंसं वाटावं अशी जात.

इलियासभाईनं मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “अण्णा, पाणी?”

“एक थेंब न्हाई.”

“चहा, सरबत, काय बी?”

“न्हाई म्हणतो ना!”

“पोरीकडनं, वैनींकडनं?”

“आईशप्पथ न्हाई! तुझा माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?”

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी खरंच बोलत होतो. निदान त्या वेळी तरी मला तसंच वाटत होतं. तो उठला, बोर्डापाशी गेला आणि शर्टाच्या बाहीनं मामाचं नाव पुसून टाकलं. सगळ्यात वरची ओळ मोकळी झाली. पाच वर्षं ते नाव तिथं होतं.

पुढं नऊ दिवस नुसता डोक्याला ताप. तक्रार करा, तक्रारीचा नंबर घ्या, तो नंबर सांगून दुसरा नंबर घ्या. “आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे” असा मेसेज आला, तो वाचून मी मोबाईल गादीवर फेकला. यशस्वीरीत्या! कुणाच्या? प्रांजल माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर काम उरकायची आणि आधार कार्डाची झेरॉक्स काढायला कुणी आलं की उठून उभी राहायची. पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

त्याच नऊ दिवसांत बनाबाई आली. बचत गटाची सचिव, मिरजवाडीची. गटासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. तिनं बोर्ड बघितला, वरची ओळ मोकळी. पैलवान तिला न्यायला जड, नवरीबाईची बिजागरी निखळते म्हटल्यावर नको झाली. विकणाऱ्या दुकानदारानं उमेदवार आजच्या आज देतो म्हटल्यावर तिनं तो घेतला. इलियासभाई तिला म्हणाला होता, “गेल्या म्हैन्यात आला असतात तर मामा सांगितला असता. आता कुनाचा भरवसा देऊ?” मी शेजारीच उभा होतो. मी वरनं म्हणालो, “सगळेच चोर हायती बनाबाई, कुठला बी घ्या.”

दहाव्या दिवशी इलियासभाईनं दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाला, “चला सांगलीला. माझ्यासमोर उघडू द्या. ती पट्टी उकाड्यानं बी लाल हुतीया. माजा माणूस खोटं बोलत न्हाई हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो.”

माझा माणूस. मला काय बरं वाटलं ते ऐकून!

एसटीनं निघालो. कसबे दिग्रजला रस्त्याच्या कडेला नवा कोरा ट्रॅक्टर उभा होता. बॉनेटवर झेंडूची माळ. घरधन्यानं नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी हातानं चौफेर शिंपडलं, चाकांवर, सीटवर, स्टेअरिंगवर. बस जरा थांबली होती, मी खिडकीतनं कौतुकानं बघत होतो.

आणि मला आठवलं.

मीसुद्धा असंच शिंपडलं होतं. कुंकू लावायला झाकण उघडलं होतं, आणि नारळाचं पाणी बोटांनी उडवलं होतं, त्या उघड्या बटणांवर. एकदा नाही, तीनदा. वर अक्षता. बायको म्हणालीसुद्धा होती, “अवो, हलक्या हातानं.” मग मी टॉवेलानं पुसून घेतलं होतं. इतके दिवस मला कसं आठवलं नाही? कारण ते पाणी मी सांडलं नव्हतं, वाहिलं होतं. देवाचं झाल्यावर ते पाण्यात कोण धरतं? पाणी सांडलं का म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं तांब्या आला, चहाचा कप आला, नारळ आलाच नाही.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करतो. चुकतो माणूस.

पण तिथून पुढं सांगली बारा-चौदा किलोमीटर होती. इलियासभाई माझ्या शेजारी बसून, शिवतेजला काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत होता. मधेच मला विचारायचा, “अण्णा, हे म्हनू का? आमी सोळा वर्षं शेजारी हाय म्हनू?” मी नुसता हुंकार देत होतो. सांगायला तोंड उघडायचो आणि वाटायचं, नऊ दिवस एवढा थयथयाट केला, आता कुठल्या तोंडानं सांगू? कदाचित उघडणारच नाहीत. कदाचित त्यात काही दिसणारच नाही. असला भेकड विचार. फौजी म्हणे!

सांगलीच्या विश्रामबागेतलं मामाचं सर्व्हिस सेंटर गारेगार. शिवतेज चोवीस-पंचवीस वर्षांचा, सभ्य पोरगा. इलियासभाईनं सगळ्यांसमोर आवाज चढवला. एरवी त्याचा आवाज भिंतीपलीकडं माझ्यापर्यंतसुद्धा येत नाही. “तुमी लोक खोटारडे हाय. हा माणूस आईची शप्पथ घेऊन सांगतोय. मी तुमचं नाव पाच वर्षं गावाला सांगितलं, ते मला पुसायला लावलं तुमी!” रांगेतली माणसं बघायला लागली. त्या घटकेला तरी मी बोलायला हवं होतं. मी माझ्या चपलेकडं बघत उभा राहिलो.

शिवतेजनं वाद घातला नाही. “या काका, आत या,” म्हणाला. टेबलावर लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं, मग आतला मदरबोर्ड सोडवून वर घेतला. त्यावर हिरवट पांढरा गंज चढला होता. ठिपके ठिपके, शिंपडल्यासारखे. आणि एका कोपऱ्यात, बटणांच्या फटीतून उतरून चिकटलेला तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

इलियासभाईनं चिमट्यानं तो दाणा उचलला आणि कोऱ्या कागदावर ठेवला. दर खंडेनवमीला माझ्या झेरॉक्स मशीनच्या पूजेचा प्रसाद पहिला त्यालाच जातो. अक्षता काय असतात ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शिवतेज हळू आवाजात म्हणाला, “नारळ फोडला असंल. आठवड्याला दोन तरी असले येत्यात आमच्याकडं. चार-पाच महिने चालतो आणि मग जातो. कुणी कबूल करत न्हाई.”

इलियासभाईनं हात जोडले. आपल्या निम्म्या वयाच्या पोराला. “माफ करा. मी चारचौघांत तुमाला खोटारडं म्हनालो. तुमचं बरोबर हाय.” मग बाहेर जाऊन रांगेतल्या माणसांनाही तेच सांगितलं, “माजी चूक झाली, ह्यांची न्हाई.” माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. मला इतके दिवस त्या कंपनीची किळस येत होती. तिथं उभं राहून मला माझीच आली.

परतीच्या एसटीत सांगलीवाडी मागं पडली. मग तो म्हणाला, “कवा आठवलं तुमाला?”

खोटं बोलायची सोय होती. म्हणू शकत होतो, दाणा बघितला तेव्हा. पण आता तेवढं तरी धैर्य आलं. “दिग्रजला. ट्रॅक्टर बघितला तवा.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “मंजे जाताना. मग तितनं विश्रामबाग लय लांब हुतं, अण्णा.”

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दोन दुपारी त्यानं लॅपटॉपचा मदरबोर्ड ब्रशनं आणि स्पिरिटनं घासला, गंजलेले दोन बारीक पार्ट बदलले. लॅपटॉप चालू झाला. तो त्यानं प्रांजलच्या हातात दिला, मी गल्ल्यावर बसलेलो असताना, माझ्यावरून पलीकडं हात करून. भिंतीवरच्या बोर्डावर मामा परत वरच्या ओळीत आला, आणि खाली आठवडाभर लिहिलेलं होतं: ‘मधे नाव पुसलं होतं. चूक माझी. इलियास.’ माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. लोक विचारायचे, काय झालं होतं? तो म्हणायचा, “नीट बगितलं न्हाई मी.” दोघंतिघं माझ्यादेखत म्हणाले, इलियासचं बी आता काय खरं न्हाई. मी झेरॉक्स काढत होतो.

आणि तीन प्रश्नांचे चार झाले. पडला का? पाणी सांडलं का? दुसऱ्या कुणी उघडला का? पूजा केली का? चौथ्याला गिऱ्हाईक हसतं. भिंतीअलीकडं मी ऐकतो, रोज.

मेमध्ये बनाबाईचा उमेदवार बंद पडला. दीड महिन्यात! बचत गटाच्या वीस बायकांची सगळी नावंगावं त्यात. बाई दुकानात येऊन रडकुंडीला आली. कंपनी रोज “इंजिनिअर उद्या येतोय” म्हणते. मी माझ्या काउंटरवरून सगळं ऐकत होतो. मामाचं नाव पुसलेलं नसतं तर ही बाई आज आपल्या घरी असती.

मी उठून पलीकडं गेलो. दारात उभा राहिलो. महिनाभरात मी त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. इलियासभाईनं वर बघितलं, टेबलावरचा फोन माझ्याकडं सरकवला. स्पीकरवर ते संगीत चालू होतं. “माज्या हातात काम हाय. बसा अण्णा. मानूस बोलला की तुमीच बोला.”

तेव्हापासून रोज बसतो. दुपारी झेरॉक्स प्रांजल बघते, मी इथं स्टुलावर. ज्योतिबाचा चहा येतो, संपतो, दुसरा येतो. टुणुक टुणुक. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” बनाबाई पिशवी मांडीवर घेऊन शेजारी. दोनदा फोन आपोआप कट झाला, तीनदा चुकीच्या खात्यात गेला, एकदा कुणीतरी माझं समाधान झालं का विचारलं. मी दात ओठ खाल्ले आणि परत नंबर लावला.

काल अकराव्या दिवशी एक पोरगी बोलली. खरीखुरी, मराठीत. नाव विचारलं, नंबर विचारला, मग विचारलं, “सर, लॅपटॉपवर पाणी किंवा दुसरं काही सांडलं होतं का?”

मी तोंड उघडलं आणि थांबलो. बनाबाईकडं वळलो. “बनाबाई, घेतला तवा पूजा केली हुती? नारळ? शिंपडलं काय काय?”

“उदबत्ती ओवाळली दारातनं. नारळ न्हाई, काय न्हाई. गटाची वस्तू, भ्या वाटलं मला.”

“देवाशप्पथ?”

“देवाशप्पथ.”

भिंतीजवळ इलियासभाईचा स्क्रूड्रायव्हर थांबला होता. मी फोनवर सावकाश, एक एक शब्द सांगितला, “नाही ताई. एक थेंबही नाही. मी स्वतः विचारून सांगतोय.”

पलीकडं ती पोरगी थकल्यासारखी हसली. “सर, सगळे असंच म्हणतात.”